आईच्या नावाची रजा

माझ्या आईचे डोळे उत्तम आहेत. सत्तरी ओलांडली तरी ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते, आणि ओवल्यावर कुणी पाहिलं की नाही हेही हळूच बघून घेते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या नावावर केलं.

दुबईच्या जबल अलीत कामगारांसाठी बसगाड्या पुरवणारी एक कंपनी आहे, तिथे मी अकरा वर्षं नोकरी करते. कुठल्या कॅम्पवरून किती वाजता माणसं उचलायची, कुठल्या गोदामाशी सोडायची, कुठला ड्रायव्हर आजारी आहे, कुठल्या गाडीचा एसी बसलाय, हे रोजचं जुळवाजुळवीचं काम दोघांचं. एक मी, दुसरे चाचा. चाचा म्हणजे आमचे हेड ड्रायव्हर. वय पंचावन्नच्या आसपास, तीस वर्षं याच देशात. मूळचे दाभोळ खाडीच्या मुखाजवळच्या एका कोकणी मुसलमान वस्तीतले. मी चिपळूणची. ऑफिसात मला सगळे मॅडम म्हणायचे, एकटे चाचा ताई म्हणायचे. पहिल्याच दिवशी चिपळूणचं नाव ऐकून ते म्हणाले होते, "मग मॅडम कशाला? एका खाडीचं पाणी आपलं. तुम्ही ताई."

आमच्या टेबलाचा एक नियम होता. उन्हाळ्यात दोघांपैकी एक जण हजर हवाच. त्या तीन महिन्यांत भर दुपारी उघड्यावरचं काम बंद असतं. माणसांना साइटवरून सावलीत आणायचं आणि तीन वाजता परत न्यायचं, म्हणजे गाड्यांच्या फेऱ्या दुप्पट. ते गणित आम्हा दोघांशिवाय कुणाला जमत नाही, असा मॅनेजरचा समज होता आणि आम्हीही तो कधी खोडून काढला नाही. म्हणून रजांचा तक्ता जानेवारीतच भिंतीवर लागायचा. त्या वर्षी जुलैचा पहिला पंधरवडा चाचांच्या नावावर होता.

आणि नेमका तोच पंधरवडा माझ्या नवऱ्यानं मला न विचारता बुक केला.

इकडे आल्यापासून एकोणीस वर्षं आमची प्रत्येक रजा चिपळुणात जिरली होती. रजा कसली, ती दुसरी नोकरीच. बँकेत जा, टाकी गळतेय ती बघा, कुणाच्या साखरपुड्याला उभ्याउभ्या जाऊन या, आणि निघायच्या दिवशी बॅगेत कुळथाचं पीठ कोंबत भांडा. मुलगी चौदा वर्षांची झाली होती. आजीच्या घराशिवाय तिनं जगात काही पाहिलं नव्हतं, असं ती सुनवायची. मरीनातल्या उंच इमारतीत राहणारी माझी एक मैत्रीण दर उन्हाळ्यात युरोपातून निळ्याशार पाण्याचे फोटो पाठवायची. मी शारजातल्या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता ते बघायची आणि मनात चरफडायची. नवऱ्याला ते ठाऊक होतं. त्यानं तिकिटं हातात ठेवली, तीही परत न होणारी. मी आधी ओरडले, मग रडले, मग बॅगा कुठे आहेत ते शोधू लागले.

त्याच आठवड्यात एका सकाळी चाचा चहा पिताना म्हणाले होते, "अम्मीला हल्ली नीट दिसत नाही, ताई. बाजूचं माणूस दिसत नाही म्हणते. मोतीबिंदू असेल. या खेपेला रत्नागिरीला नेऊन दाखवतो. सुनेबरोबर जायला तयार नाही. मुलगा येईल तेव्हाच जाईन म्हणते." मी हूं हूं करत गाड्यांचे नंबर लिहीत होते. पण ऐकलं होतं. मला ऐकू आलं नव्हतं, असं मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, कारण तेवढं खोटं मलासुद्धा पचणार नाही.

त्याच दुपारी मी मॅनेजरच्या खोलीत गेले. मॅनेजर इजिप्तचा, मनानं चांगला. म्हणाला, तक्त्यावर तुझं नाव नाही, अर्जंट कारण काय? आणि माझ्या तोंडून निघालं, "माय मदर्स आय ऑपरेशन. डेट इज फिक्स्ड." घरून निघताना मी सासऱ्यांचं आजारपण ठरवलं होतं. आईचे डोळे आयत्या वेळी आले आणि ते कुठून आले हे बोलताक्षणी मला कळलं. सकाळच्या चहातून उचलले होते मी ते. मॅनेजरनं छातीवर हात ठेवला. "मदर इज मदर, हबीबी. पण त्याच्याशी बोल."

चाचांशी मला बोलावंच लागलं नाही. मॅनेजरनं आधीच सांगितलं होतं. मी टेबलाशी आले तेव्हा ते खुर्चीवर चढून तक्त्यावरचं स्वतःचं नाव खोडत होते.

"चाचा, असं नको. तुमच्या अम्मीला..." मी म्हणाले. एवढं म्हणण्याची लाज माझ्यात उरली होती.

"तुमची तारीख ठरलीय. आमची नुसती तपासणी. ती काय सप्टेंबरातही होईल, इन्शाल्ला." खाली उतरून त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली. "आईचं काम आहे, ताई. यल्ला, चला, तिकीट काढा."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक डबी ठेवली. आत काळा चष्मा, बायकांचा, चांगल्या काचांचा. "ऑपरेशननंतर ऊन लागू द्यायचं नाही म्हणतात. आईंना द्या. माझ्याकडून." मी तो घेतला. थँक्यू म्हटलं. आईला फोन करून सांगितलं की यंदा रजा मंजूर झाली नाही. म्हणजे इकडे आईचं नाव आणि तिकडे ऑफिसचं.

इटलीत नेपल्सच्या खाली दोन-अडीच तासांवर चिलेंतो नावाचा किनारा आहे. मैत्रिणीच्या फोटोतली झगमग तिथे नव्हती. नवऱ्यानं स्वस्त म्हणून ते गाव निवडलं होतं आणि आमचं नशीब उघडलं. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, उतारावर ऑलिव्हची झाडं, मधूनच अंजीर. गावात एकच रस्ता. तो चर्चपासून निघायचा आणि होड्यांपाशी येऊन संपायचा. दुपारी एक वाजला की दुकानांची दारं बंद, पाच वाजेपर्यंत चिटपाखरू नाही. पहिल्या दिवशी मी वैतागले, कारण मला दूध हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून मीही झोपू लागले. मला आठवतं तसं मी दुपारी झोपलेच नव्हते, बाळंतपण सोडून.

संध्याकाळी लोक घरातल्या खुर्च्या उचलून रस्त्यावर आणायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बघत बसायचे. बघण्यासारखं काही नसायचं, म्हणून आम्हालाच बघायचे. पाणी इतकं स्वच्छ की पोरगी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पायाची नखं मोजायची. "मम्मा, इट्स सो क्वायट, आय कॅन हिअर माय ओन इअर्स," असं काहीतरी म्हणाली आणि आख्खी संध्याकाळ फोन न बघता बसली. नवरा रोज सकाळी होड्या येताना बघायला जायचा. परत येताना एक कागदाची पुडी आणायचा, आत तळलेले बोटभर मासे, लिंबू पिळलेले. ते खाताना माझ्या मनात सारखं यायचं की ही तर आपली मांदेली.

आम्ही ज्या बाईंच्या वरच्या खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, त्या ऐंशीच्या घरातल्या. एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. मातीचं मडकं, मीठ आणि टोपलीभर मासे. माशाचं डोकं चिमटीनं काढायचं, त्याबरोबर आतलं सगळं निघून यायचं, मग एक थर माशांचा आणि एक मिठाचा. मी पदर खोचावा तशी ओढणी खोचून बसले. माझा हात चालतो हे बघून त्या खूश झाल्या. पोरगी मोबाइलवर त्यांचं बोलणं भाषांतर करून दाखवत होती. मडकं भरत आलं तेव्हा त्यांनी काहीतरी विचारलं आणि पोरीनं वाचलं, "शी इज आस्किंग, इज युअर मदर अलाइव्ह? व्हाय डिडन्ट यू ब्रिंग हर?"

आईला आणायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी खाऱ्या हातांनी नुसती हसले.

चाचांना टाइप करायचा कंटाळा, ते बोलूनच निरोप पाठवतात. रोज सकाळी त्यांचा एक निरोप यायचा. मागे गाड्यांचे हॉर्न, डिझेलची घरघर. "ताई, इकडची काळजी नको. आज त्रेपन्न फेऱ्या. आईंचं झालं का? पट्टी कधी काढणार? आम्ही नमाजात दुआ मागतोय." मी कधीच बोलून उत्तर दिलं नाही. मागे लाटा ऐकू आल्या असत्या, चर्चची घंटा ऐकू आली असती. मी टाइप करायची. ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. छान दिसतंय. इतकं व्यवस्थित खोटं मी लिहीत होते की कधीकधी आईला खरंच बरं वाटतंय असा मला दिलासा वाटायचा.

आता तो चष्मा. माझा स्वतःचा चष्मा चौथ्या दिवशी दगडावर पडून फुटला. ऊन डोळ्यांत खुपत होतं, दुकानं बंद होती, आणि डबी बॅगेत होती. एक दिवसापुरता म्हणून घातला. पुढचे सगळे दिवस तोच घातला. माझे तिथले जेवढे फोटो आहेत, त्या सगळ्यांत माझ्या नाकावर माझ्या आईच्या न झालेल्या ऑपरेशनचा चष्मा आहे, आणि सगळ्यांत मी हसतेय. ते हसू खोटं नव्हतं. मला सगळ्यात जास्त मन खातं ते यासाठीच. मी तिथे कुढत बसले असते तर निदान सांगायला एक बाजू तरी उरली असती. पण मी आनंदात होते.

परतीचा एक ठरलेला रिवाज आमच्याकडे आहे. गावाहून येणाऱ्यानं पहिल्या दिवशी टेबलावर खाऊ ठेवायचाच. मल्याळी असो, पाकिस्तानी असो, मराठी असो, सुटका नाही. बर दुबईत आपल्याकडच्या वस्तूंचं एक दुकान आहे, तिथून मी फणसपोळी, आमसुलं आणि कोकम सरबताची बाटली आणली. घरी आणून दिरहॅममधल्या किमतीची लेबलं गरम पाण्यात भिजवली आणि नखानं खरवडून काढली. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "मम्मा, व्हॉट आर यू डुइंग?" मी तिला अभ्यासाला पिटाळलं. तिला उन्हाळ्याची सुट्टी होती.

चाचांनी फणसपोळीचा तुकडा आधी नाकाशी धरला, डोळे मिटले, मग तोंडात टाकला. "गावचा वास, ताई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काळवंडलात हो. पाऊस नाही वाटतं यंदा तिकडे?"

जुलैत कोकणात जाऊन कुणी उन्हानं रापून येतं का!

"उघडीप होती अधूनमधून," मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले आणि दुसरा तुकडा घेतला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नंतर दहादा सांगता आलं असतं. पण पंधरा दिवस दुपारची झोप घेऊन आलेल्या बाईला ते अवघड वाटलं.

सप्टेंबरात दोन ड्रायव्हर एकदम नोकरी सोडून गेले. चाचांची रजा ऑक्टोबरवर गेली, मग एका नव्या कामामुळे नोव्हेंबरवर. मी मॅनेजरशी भांडले. खरंच भांडले, तक्ता भिंतीवरून ओढून त्याच्या टेबलावर आपटला. चाचांना वाटलं, ताईंचा आपल्यावर केवढा जीव.

नोव्हेंबरात ते गेले आणि पंधरा दिवसांनी आले. फणसपोळी आणली होती, रिवाजाप्रमाणे. ती टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले.

"मोतीबिंदू नव्हता, ताई. काचबिंदू निघाला. यात गेलेली नजर परत येत नाही म्हणे. नुसती आहे ती राखायची. डॉक्टर म्हणाले, पावसाच्या सुरुवातीला आणलं असतंत तर बरीच राखता आली असती. आता राखायला काही राहिलं नाही. उजेड-अंधार कळतो तेवढा." त्यांनी फणसपोळीचा कागद उघडला, माझ्यासमोर सरकवला. "तुमच्या आईंचं वेळेवर झालं, तेवढं एक चांगलं झालं. चष्मा होतो ना त्यांना?"

"हो," मी म्हणाले.

या एका शब्दासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही. बाकीचं सगळं हाव म्हणून समजून घेता येईल. हा शब्द मी त्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलले.

पुढच्या एप्रिलमध्ये मी खरोखर चिपळूणला गेले. निघताना चाचांनी अम्मीसाठी पार्सल दिलं. दुधाची पावडर, खजूर, गुडघ्याला लावायचा बाम, एक मऊ शाल. भावाची स्कूटर घेऊन मी एकटीच त्यांच्या गावाला गेले. पर्समध्ये ती चष्म्याची डबी होती. अम्मींना सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. चाचांना सांगण्यापेक्षा ते सोपं जाईल, असं वाटण्याइतकी मी भित्री आहे.

घर खाडीच्या अगदी काठावर. समोर होड्या ओढून ठेवलेल्या, काठीवर बोंबील वाळत होते. उतारावर काजू, खाली निळं पाणी, दुपारची वेळ, सगळं गाव निजलेलं. रस्त्याच्या कडेला, दारापुढे खुर्ची टाकून अम्मी बसल्या होत्या. मी स्कूटर बंद करून क्षणभर तिथेच उभी राहिले. एवढ्या लांब जाऊन, एवढं खोटं बोलून मी जे पाहून आले होते, ते माझ्या घरापासून दीड तासावर होतं. तिथे दुपारी कधी थांबावं, असं मला एकोणीस वर्षांत वाटलं नव्हतं.

सुनेनं पार्सल आत नेलं आणि ती चहा टाकायला गेली. अम्मींनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तू ती ताई ना, बाय? तुझ्या आईची नजर आली म्हणून पोरगा सांगत होता. अल्ला शाबूत ठेवो तिची नजर." मी तोंड उघडलं, पण त्या थांबल्या नव्हत्या. "नोव्हेंबरला आला होता तो. उंबऱ्यात उभा राहिला, तर मला नुसती सावली. वर्षा-दोन वर्षांनी यायचा, दर खेपेला बदललेला असायचा, मी बघून घ्यायची. या खेपेला बघायचं राहिलं. सुनेला विचारलं तर म्हणते, आहेत तसेच आहेत. तू रोज समोर बसतेस ना त्याच्या? मला सांग, आता कसा दिसतो माझा पोरगा?"

मी सांगू लागले. केस पांढरे झालेत, म्हणाले. "सगळे?" त्यांनी विचारलं. मी अडखळले. दाढी आहे, छोटी. "दातं शाबूत आहेत?" मला ठाऊक नव्हतं. "डाव्या भुवईवर खूण होती, लहानपणी होडीवरून पडलेला त्याची. आहे अजून?" अकरा वर्षं मी त्या माणसासमोर बसले होते. चिलेंतोतल्या त्या बाईंच्या मडक्याला कुठे टवका उडालाय, ते मी आजही सांगेन. चाचांच्या भुवईवर खूण आहे की नाही ते मला सांगता येईना.

"आहे," मी अंदाजानं म्हणाले. अम्मी हसल्या आणि माझा हात थोपटला. सांगायचं होतं ते राहिलंच. चहा पिऊन मी निघाले.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी मी चाचांसमोर बसले आणि आधी त्यांची भुवई पाहिली. खूण होती. मग मी डबी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. इटली सांगितली, सकाळच्या चहातून आईचे डोळे कसे उचलले ते सांगितलं, लेबलं खरवडली तेही सांगितलं. मध्ये रडू आलं, ते आवरलं, कारण रडण्याचा हक्क माझा नव्हता. मी थांबल्यावर चाचांनी डबी उघडली, चष्मा उजेडाकडे धरून बघितला, परत आत ठेवला आणि डबी माझ्या बाजूला सरकवली.

बाहेर गाड्या सुरू होत होत्या. त्यांनी फेऱ्यांचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं.

"उद्या सहाच्या गाडीला माणूस कमी आहे, मॅडम," ते म्हणाले.

मी नंबर लिहून घेतला. तेव्हापासून आम्ही त्याच टेबलावर बसतो, उन्हाळ्यात एक जण हजर असतोच, गावाहून आलं की फणसपोळीही येते. काम पूर्वीसारखंच बिनचूक चालतं. ताई म्हणणारं तिथे आता कुणी नाही.